कोड्याची वाट आपल्या बोलीतून

रविवारची वंदना आटोपली की वसतिगृहातील मुले पटांगणाकडे धावतात. गेल्या वर्षापासून त्यांतील पंधरा-वीस जण मात्र ग्रंथालयाच्या खोलीत थांबू लागले आहेत. तेथे फळ्यावर कधीही न ऐकलेल्या एखाद्या भाषेतील आठ-दहा वाक्ये आणि त्यांचे मराठी अर्थ लिहिलेले असतात. खाली आणखी चार वाक्ये अर्थाविना असतात. शब्दकोश जवळ नसतो, व्याकरणाचे पुस्तक नसते आणि शिक्षकालाही ती भाषा येत नसते. जे पुढे आहे तेवढ्यावरून त्या भाषेचा नियम शोधायचा आणि उरलेल्या वाक्यांचे अर्थ लावायचे. भाषाविज्ञान ऑलिंपियाड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थी-स्पर्धेची ही तयारी होय. अशी तयारी आमच्यासारख्या निवासी विद्यालयाने करावी काय, आणि करावयाची तर कशी, याविषयी भाषा विभागातील आम्हा शिक्षकांचे मत या स्मरणिकेच्या निमित्ताने संस्थेपुढे, पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे वाटले.

या स्पर्धेचा उगम मॉस्कोचा. १९६५ मध्ये तेथे शालेय विद्यार्थ्यांसाठी भाषेच्या कोड्यांची पहिली स्पर्धा झाली. तिच्यामागे आल्फ्रेड झुरिन्स्की या तरुण भाषाशास्त्रज्ञाचा पुढाकार होता. २००३ मध्ये बल्गेरियातील बोरोवेट्स येथे पहिले आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड भरले. भारताचा संघ २००९ पासून त्यात उतरू लागला, आणि २०१६ मध्ये ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्याच देशात, म्हैसूर येथे झाली. भारतीय संघाची निवड पाणिनी भाषाविज्ञान ऑलिंपियाड या राष्ट्रीय स्पर्धेतून होते. आंतरराष्ट्रीय फेरीत प्रत्येकाला सहा तासांत पाच कोडी सोडवावी लागतात. शिवाय चौघांच्या संघाने मिळून सोडवावयाचे एक मोठे कोडे असते. भाषाशास्त्राचे पूर्वज्ञान कोणाकडूनही अपेक्षित नसते. मात्र नुसते उत्तर बरोबर येऊन भागत नाही; ते कोणत्या नियमाने आले हे लिहून दाखवावे लागते.

आरंभी आम्हीही रूढ मार्गानेच गेलो. तयारीचे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. आम्ही जुन्या प्रश्नपत्रिकांच्या छायाप्रती काढल्या आणि मुलांच्या हाती दिल्या. तीन रविवारांतच निम्मी मुले पटांगणावर परतली. कोडे स्वाहिली भाषेचे असो वा तुर्कीचे, मुलांची दमछाक होत होती ती सूचनांच्या इंग्रजीपाशी. कोड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्यांची शक्ती संपत होती, आणि जी मुले पोहोचत होती ती बहुतांशी शहरातील इंग्रजी शाळांतून आमच्याकडे आलेली होती. ज्या स्पर्धेला पूर्वज्ञान लागत नाही, तिच्या दारात आम्हीच एक पूर्वअट उभी केली होती. ही चूक आमची होती आणि तिची कबुली येथे देणे आवश्यक आहे.

पुढच्या रविवारी आम्ही छायाप्रती बाजूला ठेवल्या आणि फळ्यावर चार ओळी लिहिल्या. ‘मना भाऊ’ म्हणजे माझा भाऊ, ‘मनी माय’ म्हणजे माझी आई, ‘तुना भाऊ’ म्हणजे तुझा भाऊ, ‘माले’ म्हणजे मला. प्रश्न असा की, ‘तुझी आई’ आणि ‘तुला’ कसे म्हणाल? नाशिक शहरातील मुलांनी थोडा वेळ घेतला. बागलाणकडचा एक मुलगा, जो वर्गात सहसा तोंड उघडत नसे, हसू दाबत म्हणाला, “तुनी माय, तुले.” ते कोडे त्याच्यासाठी कोडे नव्हतेच, ती त्याच्या घरची अहिराणी होती. मग आम्ही त्याला फळ्यापाशी बोलावले आणि इतरांना सांगितले, आता याला प्रश्न विचारा आणि हिचे नियम काढा. अर्ध्या तासात मुलांनी शोधून काढले की, मराठीत जेथे ‘चा, ची, चे’ येतात तेथे अहिराणीत ‘ना, नी, नं’ येतात आणि ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो. जाताना तो मुलगा थांबला आणि विचारता झाला, “सर, आमच्या बोलीलाही व्याकरण राहतं का?”

या प्रश्नाने आम्ही अंतर्मुख झालो. आमच्या विद्यालयात मालेगाव, सटाणा, कळवणकडची अहिराणी बोलणारी मुले आहेत. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून कोकणा बोलणारी मुले येतात. त्र्यंबकच्या बाजूने वारली आणि महादेव कोळी समाजाची मुले येतात. वसतिगृहात पाऊल ठेवताच त्यांतील बहुतेक जण घरची बोली ट्रंकेत घड्या घालून ठेवल्यासारखी ठेवून देतात. कोणी ‘गावठी’ म्हणून हसते, आणि सांगावयास खेद वाटतो, कधीकधी आम्हीही ‘शुद्ध बोल’ एवढेच म्हणून पुढे जातो. त्या मुलाला सहा-सात वर्षांच्या शिक्षणात कोणीही सांगितले नव्हते की, तो घरी जे बोलतो त्यालाही नियम आहेत आणि ते नियम तो बिनचूक पाळतो.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली की, नाना कुळांतून आणि नाना प्रदेशांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवतात. तेव्हा ते छंदात, म्हणजे वैदिक संस्कृतच्या वळणात, बांधावे. तथागतांनी ही सूचना नाकारली आणि आपापल्या निरुत्तीतून बुद्धवचन शिकण्यास अनुमती दिली. ‘निरुत्ती’ या शब्दाच्या नेमक्या अर्थाविषयी पुढे टीकाकारांत मतभेद झाले. परंतु दूरच्या गावाहून आलेल्या माणसाची बोली हा त्याचा दोष मानण्यास तथागतांनी नकार दिला, हे त्या प्रसंगातून दिसते. ज्या विद्यालयाचा दिवस त्रिसरणाने उगवतो, तेथे अहिराणी बोलणाऱ्या मुलाला मान खाली घालावी लागणे हे आपल्या धम्माशी विसंगत आहे. म्हणून आमचे मत असे बनले की, या स्पर्धेची तयारी मुलांनी सोबत आणलेल्या भाषांपासून सुरू व्हावी. स्वाहिली आणि तुर्की नंतर येतील.

या भाषांत पहिली भाषा पाली. आमची मुले रोज सकाळ-संध्याकाळ ती म्हणतात, पण तिच्याकडे भाषा म्हणून पाहत नाहीत. आम्ही त्यांना विचारले, ‘गच्छामि’, ‘समादियामि’, ‘वन्दामि’ या शब्दांत समान काय आहे आणि ते कोणाविषयी सांगते? शेवटच्या ‘मि’मध्ये ‘मी’ दडलेला आहे, हे सहावीतील मुलीने सांगितले. त्यानंतरचे कोडे अधिक अवघड होते. पालीतील ‘सत्त’ म्हणजे सात, ‘कम्म’ म्हणजे काम, ‘कण्ण’ म्हणजे कान, ‘अज्ज’ म्हणजे आज. जोडाक्षर सुटे होते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ होतो, हा नियम मुलांना लवकर सापडला. मग आम्ही आणखी शब्द दिले. ‘अट्ठ’चे आठ, ‘मुट्ठि’ची मूठ आणि ‘ओट्ठ’चे ओठ होतात, परंतु ‘हत्थ’चा हाथ न होता हात होतो, ‘भिक्खा’ची भीख न होता भीक होते, आणि पंचस्कंधांतील जो ‘खंध’ त्याचा खांधा न होता खांदा होतो. आठ, मूठ, ओठ यांत ठ टिकला. मग हात, भीक, खांदा यांतील थ, ख, ध यांचे काय झाले?

या प्रश्नावर मुले दोन रविवार अडली. कोणी म्हणाले, ठ टिकतो आणि बाकीचे जातात. त्यावर दुसऱ्याने ‘दूध’ हा शब्द पुढे केला आणि तो तर्क पडला. शेवटी दोघींनी मिळून उत्तर काढले. ज्या शब्दाचा आरंभच ह, भ, ख अशा महाप्राण अक्षराने होतो, त्यात मराठी दुसरा महाप्राण ठेवत नाही. त्यांनी हिंदीशी ताडून पाहिले : हाथ आणि हात, भीख आणि भीक, भूख आणि भूक, धंधा आणि धंदा. ‘कंधा’ या शब्दाशी येताच त्यांचे डोळे चमकले, कारण तेथे हिंदीनेही दोहोंपैकी एकच महाप्राण ठेवला, पण पहिला सोडून दुसरा. एका मुलाने लगेच ‘खळखळ’ आणि ‘धडधड’ यांचा आक्षेप घेतला. त्यावर वर्गाने ठरवले की, आवाजाची नक्कल करणारे आणि स्वतःचीच पुनरुक्ती करणारे शब्द वेगळे धरावेत, आणि तसे नियमात लिहावे. आमच्या दृष्टीने स्पर्धेची खरी तयारी ती हीच. तर्क मांडणे, विरुद्ध उदाहरण येताच तो सोडणे, अपवाद लपवून न ठेवता लिहून काढणे. केवळ परंपरेने किंवा ऐकिवात आले म्हणून काही स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश मुलांनी पुष्कळदा ऐकला आहे. त्याचा सराव त्यांना आम्ही क्वचितच दिला होता.

मराठीतही अशी कोडी पदोपदी आहेत. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस येथपासून एकोणनव्वदपर्यंत ‘पुढच्या दशकाला एक कमी’ हा नियम चालतो. मात्र नव्व्याण्णव तो मोडतो. लॅटिनमध्येही एकोणिसाला ‘विसाला एक कमी’ असेच म्हणत, हे कळल्यावर मुलांना आपल्या भाषेला दूरदेशी नातेवाईक असल्याचा आनंद झाला. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी रचना आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. या वर्गातील मुले त्या वादात दोन्ही बाजूंनी उदाहरणे देऊन बोलू शकतात. कित्येकांच्या आजी अजूनही विसाविसाने मोजतात आणि साठाला तीन विसा म्हणतात. फ्रेंच भाषेत ऐंशीला ‘चार विसा’ म्हणतात, हे सांगितल्यावर एका मुलाने सुट्टीत आजीकडून सगळी मोजणी वहीत उतरवून आणली. ऑलिंपियाडमध्ये संख्यांची कोडी नेहमी येतात, आणि वीस हा पाया असलेल्या मोजणीत जो मुलगा घरी वावरला आहे, त्याला ती परकी वाटत नाहीत.

कोड्यांच्या या विद्येचे मोठे उदाहरण पाहण्यासाठी नाशिककरांना दूर जावे लागत नाही. त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत. त्यांवरील ब्राह्मी लेख शतकानुशतके कोणालाही वाचता येत नव्हते. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांच्यापुढे सांचीच्या स्तूपावरील अनेक लहान लेखांच्या प्रती आल्या. त्यांतील बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे त्यांच्या ध्यानात आले. कठड्याच्या दगडादगडावर, निरनिराळ्या ठिकाणी, तोच शेवट का असावा? देणाऱ्याचे नाव आधी आणि ‘दानं’ हा शब्द शेवटी असावा, असा त्यांनी तर्क केला. त्याच सुमारास क्रिस्तियन लासेन यांनी एका ग्रीक राजाच्या दोन लिप्यांतील नाण्यावरून काही अक्षरे ओळखली होती. १८३७ मध्ये प्रिन्सेप यांच्या हाती ब्राह्मीची किल्ली आली. प्रिन्सेप यांची रीत तीच होती, जी आमची मुले रविवारी गिरवतात : पुन्हा पुन्हा काय येते ते पाहा, ते कोठे येते ते पाहा, आणि तेथे काय असणे शक्य आहे ते विचारा.

आम्ही मुलांना घेऊन त्रिरश्मीवर गेलो. अठरा क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नाशिककरांच्या धंभिक गावाने दिलेल्या दानाचा लेख आहे. तोही ‘दानं’ या शब्दानेच संपतो. प्रिन्सेप यांचा तर्क सांगितल्यानंतर मुलांनी ते शेवटचे शब्दरूप स्वतः शोधून बोट ठेवून दाखवले. ते लेख राजाच्या आज्ञेइतकेच गावकऱ्यांच्या दानाचेही आहेत, आणि ते ज्या प्राकृतात आहेत ती भाषा आपल्या मराठीची पूर्वज आहे. याच जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपान क्षत्रपाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांच्यावर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांतील अक्षरे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा उमटवलेला आहे. एकच नाव तीन लिप्यांत कसे लिहिले जाते, याचे असे कोडे कोणत्याही देशाच्या शिक्षकाने हेवा करावा असे आहे. ते आमच्या शाळेपासून बसच्या अंतरावर सापडले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप दहावीच्या गुणांचा. या स्पर्धेमुळे शालान्त परीक्षेतील गुण वाढतात, असे आम्ही म्हणत नाही; तसा पुरावा आमच्यापाशी नाही. आठवड्यातील दोन तास आणि दहावीच्या वर्षी पूर्ण विश्रांती, एवढीच मर्यादा आम्ही घालून घेतली आहे. दुसरा आक्षेप यशाचा. गतवर्षी आमच्या चार विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी दिली. कोणाचीही पुढे निवड झाली नाही. ते अपेक्षितच होते. परंतु परतताना ते चौघेही रेल्वेत न सुटलेल्या कोड्यावर भांडत होते, आणि नाशिकरोड येईपर्यंत त्यांनी ते सोडवले.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो पालकांचा आहे. एका वडिलांनी विचारले, “सर, आम्ही पोराला इंग्रजी यावी म्हणून तुमच्याकडे टाकलं. आमची बोली तर त्याला घरीच येत होती.” या प्रश्नामागे त्यांनी कचेरीत, बँकेत, दवाखान्यात सोसलेले हसू आहे, आणि त्याचा आम्ही आदर करतो. इंग्रजी त्यांच्या मुलाला आलीच पाहिजे. आमचा अनुभव एवढाच की, ज्याने आपल्या बोलीचा नियम स्वतः शोधला, तो इंग्रजीतील क्रियापदाला केव्हा ‘एस’ लागतो आणि केव्हा लागत नाही, हेही पाठ न करता शोधू पाहतो. तो इंग्रजीला भिण्याऐवजी तिला प्रश्न विचारतो. घरच्या भाषेची लाज घेऊन शिकलेली इंग्रजी मुलाला परीक्षेपुरती पुरते. मोकळेपणाने बोलावयाचे म्हटले की तीच लाज पुन्हा जिभेवर येते.

आणखी एक गोष्ट आमच्याच सहकाऱ्यांत बोलली गेली. स्पर्धेच्या नावात पाणिनी आहे, म्हणून काहींनी आरंभी नाक मुरडले. संस्कृतचे दार आपल्याला किती काळ बंद होते, हे आम्ही विसरलेलो नाही. शाळेत संस्कृत शिकण्याची संधी नाकारली गेल्याने बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली. परंतु पुढे ते स्वतः संस्कृत शिकले, पालीच्या अभ्यासाला त्यांनी आयुष्याची उत्तरवर्षे दिली, आणि त्यांनी सिद्ध केलेला पाली शब्दकोश व व्याकरण महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रकाशित केले. सुमारे ४,००० सूत्रांत एका भाषेची घडण सांगणाऱ्या पाणिनीकडून रीत घ्यावी, पालीचे नियम सांगणाऱ्या कच्चायनाकडूनही घ्यावी. विद्या कोणाच्या नावाने चालते यापेक्षा ती कोणाच्या हाती पडते, याची चिंता आपण करावी.

म्हणून संस्थेकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत. रविवारच्या या वर्गाला वेळापत्रकात कायमची जागा मिळावी. ग्रंथालयात एक मोठी वही असावी आणि तीत प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या बोलीतील अंक, नात्यांची नावे आणि दहा वाक्ये लिहावीत. पुढच्या वर्षीची कोडी त्याच वहीतून तयार होतील. कोड्याचे स्पष्टीकरण मुलांनी आधी मराठीत लिहावे आणि मग इंग्रजीत. वरच्या वर्गांतील मुलांनी खालच्या वर्गांसाठी कोडी रचावीत, कारण रचल्याशिवाय नियम पुरता कळत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे परप्रांतात किंवा परदेशी आहेत, त्यांनी तेथील भाषेची दहा वाक्ये अर्थांसह पाठवावीत. ती देणगी आम्हाला पैशाइतकीच मोलाची वाटेल. आणि सहशिक्षकांना विनंती की, ‘शुद्ध बोल’ म्हणण्यापूर्वी ‘तुझ्याकडे कसे म्हणतात?’ असे एकदा विचारावे.

या वर्गातील एक कोडे शेवटी सांगतो. जगातील काही भाषांत ‘आम्ही’साठी दोन निराळे शब्द असतात : एकात समोरचा माणूस धरलेला असतो, दुसऱ्यात नसतो. इंग्रजीत हा भेद नाही, प्रमाण हिंदीतील ‘हम’मध्येही नाही, त्यामुळे अशी कोडी अनेक देशांतील मुलांना जड जातात. आमच्या मुलांना ते क्षणात सुटले, कारण मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन्ही आहेत. हा लेख आम्ही, म्हणजे भाषा विभागातील शिक्षकांनी, लिहिला. त्या वहीत काय लिहिले जाईल, ते मात्र आपण सर्वांनी मिळून ठरवावयाचे आहे.